पेन्सिलीचा एक

९ जानेवारी

मामा, नमस्कार. मामीलाही.

परवा फोन केला तेव्हा मामीने उचलला आणि तुम्ही मागून ओरडून सांगितलंत, की कानांनी आता राजीनामा दिलाय, जे काय असेल ते लिहून कळव. म्हणून हे पत्र.

माझी बदली झाली. वरच्या मजल्यावरच्या अर्जखिडकीवरून थेट तळघरात, ई-फायलिंग कक्षात. कक्ष म्हणजे चार टेबलं, एकही खिडकी नाही, आणि कार्ड दाखवल्याशिवाय न उघडणारं दार. आत यायला कार्ड, बाहेर जायलाही कार्ड. काल माझं कार्ड चाललं नाही, तर पाऊण तास आतून दार वाजवत बसले होते.

एक फेब्रुवारीपासून कोर्टात कागदी अर्ज बंद, सगळं संगणकावर. कुठल्या अर्जाला किती फी, हे त्या संगणकाला शिकवायचं काम माझ्याकडे आलंय. चारशे अठरा ओळी आहेत. दाव्याला इतकी, अपिलाला इतकी, नकलेला पानामागे इतकी. मी भरायचं आणि अधीक्षक साहेबांनी तपासून मंजूर करायचं. भरणारा आणि तपासणारा एकच असता कामा नये, म्हणून आम्हा दोघांना सहीचे वेगवेगळे पेनड्राइव्ह दिलेत.

एका ठिकाणी घोडं अडलंय. अकरा अर्ज असे आहेत की त्यांना फीच नाही. पोटगीचा अर्ज, कैद्याचा अर्ज, "माझ्याकडे पैसे नाहीत, फी माफ करा" हा अर्ज, असे. तिथे रकाना कोरा ठेवला की ओळ लाल होते. शून्य घातलं तरी लाल. साहेबांच्या पडद्यावर "माफ" अशी खूण करायची सोय आहे, पण माझ्या पडद्यावर काहीतरी आकडा घातल्याशिवाय ओळ त्यांच्याकडे जातच नाही. यंत्रणा बनवणाऱ्या कंपनीच्या माणसाला विचारलं तर म्हणतो, पुढच्या सुधारणेत बघू. तुम्ही तीस वर्षं फीच्या खिडकीवर काढलीत. अशा जागी तुम्ही काय लिहायचात?

तुमची भाची


१४ जानेवारी

चि. भागूबाई,

भित्री भागूबाई आणि तळघरात! दार वाजवत बसलीस हे वाचून मामी हळहळली. मी हसलो. मग तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी लगेच हळहळलो.

आता कामाचं. आमच्या फीच्या मोठ्या वहीत रकाना कोरा सोडायचा नाही असा दंडक होता. कोरा सोडला की मागाहून कोणीही बहाद्दर त्यात आकडा बसवणार आणि गरिबाकडून उकळणार. म्हणून बिनफीच्या ओळीत मी पेन्सिलीने "एक" लिहायचो. एक एवढी फी कुठल्याच अर्जाला नव्हती, त्यामुळे तपासणारा तिथे हटकून थांबायचा, लाल शाईने तो एक कापायचा आणि शेजारी "माफ" लिहायचा. ही युक्ती माझी, बरं का. पुढे सगळ्या खिडक्यांनी उचलली, आणि श्रेय कोणीच दिलं नाही ते सोड. तीस वर्षांत एकाही माणसाला तो एक भरावा लागला नाही.

तेव्हा तू अकरा ठिकाणी बिनधास्त एक घाल. तपासणाऱ्याचा डोळा अडखळलाच पाहिजे, त्याला पगार त्याचाच मिळतो.

इकडे सगळं ठीक. घरमालकाच्या मुलाला आमच्या दोन खोल्या हव्याशा झाल्यात, तेवढी तणतण चालू असते. तिच्याशिवाय मामीला करमायचं नाही.

तुझा मामा


२ फेब्रुवारी

मामा,

झालं एकदाचं! काल सकाळी दहाला यंत्रणा सुरू झाली. न्यायाधीशांनी कळ दाबली, टाळ्या झाल्या, फोटोत मी आहे पण खांबाच्या मागे.

तुमचा एक कामी आला. अकराही ओळी निमूटपणे पुढे गेल्या. शेवटचे तीन दिवस मात्र जीव मेटाकुटीला आला होता. ऐन शनिवारी साहेबांना घरचं काम निघालं आणि ते रजेवर गेले. जाताना त्यांचा सहीचा पेनड्राइव्ह माझ्या टेबलावर ठेवला, पिन चिठ्ठीवर लिहून दिला आणि म्हणाले, "भरलंयस तूच, तुझ्याइतकं कोणाला कळतंय? मंजूर करून टाक." संध्याकाळी सातपर्यंत मुदत होती. मी केलं. पिन लिहिलेला कागद ठेवायचा नाही असा नियम आहे, म्हणून चिठ्ठी लगेच फाडून टाकली. बघा, किती नियमाने वागते.

साहेब खूश आहेत. दोन वर्षं नीट काढली तर कायम करतील असं म्हणालेत. तुमचं पत्र बऱ्याच दिवसांत आलं नाही. बरे आहात ना?

तुमची भाची


११ मार्च

चि. भागूबाई,

अभिनंदन. खांबामागची माणसंच खांब धरून असतात.

एक विचारायचं होतं. आमच्या शेजारच्या एका गृहस्थांनी तुमच्या त्या यंत्रणेवर अर्ज घातलाय. फी माफीचा. आठवडा झाला, तो "फी बाकी" म्हणून पडून आहे. यंत्रणा म्हणते एक भरा. भरायला गेलं की बँक म्हणते, दहाच्या खाली आम्ही घेत नाही. बरं, हे दहा भरायला तयार, तर यंत्रणा एकापेक्षा जास्त घेत नाही. मदतीच्या नंबरवर फोन केला तर त्यांनी बँकेकडे पाठवलं आणि बँकेने मदतीच्या नंबरकडे. मोठा करमणुकीचा प्रकार आहे, फक्त ज्याचा अर्ज आहे त्याला हसू येत नाही.

म्हणून विचारतो. ते अकरा एक कोणी कापले होते ना?

तुझा मामा


१६ मार्च

मामा,

नाही कापले.

त्या शनिवारी चारशे अठरा ओळी समोर होत्या, घड्याळात पावणेसात झाले होते, आणि खाली "सगळे निवडा" असं बटण होतं. सगळे निवडले आणि मंजूर केले. माझा डोळा कुठे अडखळला नाही, कारण ते एक मीच लिहिले होते. मला ते ओळखीचे होते ना! लिहिणाऱ्याला स्वतःचा एक खटकत नाही, हे तुम्ही मला सांगितलं नव्हतंत. की तुम्हालाही ठाऊक नव्हतं?

आज यादी काढली. दोनशे चौदा अर्ज अडकलेत. तीस दिवसांत फी आली नाही तर अर्ज आपोआप रद्द होतो, असे एकतीस आधीच गेले. दीड महिना कोणी बोंब मारली नाही. मारणार तरी कोण, फी माफ करा म्हणणारा माणूस आधीच मान खाली घालून आलेला असतो.

साहेबांकडे गेले. त्यांनी दार लावून घेतलं. मला वाटलं ओरडतील, पण ते इतक्या हळू बोलले की मला पुढे वाकून ऐकावं लागलं. "तपासणी माझ्या सहीने झाली आणि त्या दिवशी मी रजेवर होतो. म्हणजे सही तू वापरलीस. मी दिली की तू उचललीस, कोण सांगणार? चिठ्ठी आहे?" म्हटलं, फाडली. म्हणाले, "शहाणी आहेस."

मंजूर झालेली ओळ बदलायला दोघांच्या सह्या लागतात आणि लेखी कारण द्यावं लागतं, जे वर रजिस्ट्रारबाईंकडे जातं. साहेब सही देत नाहीत. म्हणाले, जूनमध्ये सगळ्या फीचा फेरआढावा आहे, त्यात गुपचूप "माफ" करून टाकू, कोणाला कळणार नाही. तोवर जे रद्द होतील ते पुन्हा अर्ज करतील. मामा, पुन्हा कसे करतील, मुदती थांबून राहतात का? बोलले तर मी चोर, गप्प बसले तर रोज तीन-चार माणसं माझ्या हातून बुडणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. दिवसभर त्या बंद खोलीत बसून मी यादीतले आकडे वाढताना बघते.

तुमच्या शेजाऱ्यांचा अर्ज क्रमांक कळवा. निदान त्यांच्यासाठी काही करता येतं का बघते.

तुमची भाची


२२ मार्च

चि. भाचीस,

शेजाऱ्यांचं मिटलं. त्यांचा विषय सोड.

तुला माझा सल्ला, जूनपर्यंत गप्प राहा. साहेब म्हणतात त्यात तथ्य आहे. नोकरी एकदा गेली की परत मिळत नाही, आणि तुझ्या घरी कमावणारी तू एकटी. कोर्टाने असे शेकडो घोळ पचवलेत, हाही पचेल.

पत्र वाचून झालं की फाडून टाक.

मामा


५ एप्रिल

मामा,

तुमचं मागचं पत्र मी फाडलं नाही. चार वेळा वाचलं आणि चारही वेळा संतापले. ज्या माणसाने मला लहानपणी दुकानदाराकडून जास्त आलेलं एक नाणं परत द्यायला भर उन्हात पिटाळलं होतं, तो म्हणतो गप्प राहा! वाटलं, म्हातारपणी मामाही इतरांसारखाच झाला. दहा दिवस उत्तर लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

मग काल रद्द झालेल्या अर्जांची नावं वाचायला बसले. आजवर मी फक्त आकडा बघत होते, नावं उघडायचा धीर होत नव्हता. ठरवलं, निदान कोणाची मुदत कधी संपते एवढं तरी लिहून ठेवू. त्र्याण्णवावी ओळ उघडली. अर्जदार, निवृत्त कारकून, वय बहात्तर. दोन खोल्या खाली करण्याच्या हुकुमावर अपील. अपिलाची फी जागेच्या किमतीवर, म्हणजे तुमच्या दीड वर्षाच्या पेन्शनइतकी, म्हणून माफीचा अर्ज. दाखल तीन मार्च, रद्द दोन एप्रिल. अपिलाची शेवटची तारीख तीस एप्रिल. पत्ता मला तोंडपाठ आहे, त्या पत्त्यावर मी लहानपणी दर सुट्टीत राहिले आहे.

शेजारचे गृहस्थ म्हणे! ताकाला जाऊन भांडं लपवायची ही सवय कधीपासून लागली तुम्हाला? हुकूम फेब्रुवारीत झाला आणि तुम्ही मला खांबाचे विनोद लिहून पाठवत होता. तणतण म्हणालात. मामा, त्याला तणतण म्हणतात?

मला सगळं खरं लिहा. उलट टपाली लिहा.

तुमची भाची


९ एप्रिल

बाळ,

मी मामी. मला तुझ्या मामासारखं लिहिता येत नाही, समजून घे.

तुझं पत्र त्यांनी वाचलं, घडी केली आणि दाढी करायला बसले. सकाळी एकदा झाली होती. मी तेव्हाच ओळखलं. ते अंघोळीला गेल्यावर पत्र काढून वाचलं आणि आता त्यांच्या नकळत लिहितेय.

सगळं खरं आहे. हुकूम झाला त्या दिवशी मी तुला फोन लावायला निघाले होते, त्यांनी हातातून फोन काढून घेतला. म्हणाले, ती नवीन जागी गेलीय, तिच्या डोक्याला ताप नको. मग अर्ज अडकला तेव्हा तर मला शपथच घातली. "तिच्या नोकरीवर आपलं छप्पर नको" असं म्हणाले. रात्रंदिवस एकच चाललंय, एक मी शिकवला, एक मी शिकवला. मला त्यातलं फार कळत नाही. एवढं कळलं की कुठेतरी त्यांचंच त्यांना बाधलं.

तीस तारखेपर्यंत कोर्टाकडून काही आलं नाही तर खोल्या सोडायच्या. मी भांडी काढून बघितली, अर्धी कोणाला तरी देऊन टाकावी लागतील. माझे गुडघे असे, त्यांचे कान तसे, आम्हाला नवीन जागा कोण देणार.

तू काही कर असं मी म्हणत नाही. करू नकोस असंही माझ्या तोंडून निघत नाही, ते मात्र खरं. तुला मी मुलीसारखं जपलं, आणि बघ मी कुठे येऊन बसले.

तुझी मामी


२४ एप्रिल

मामा,

मी रजिस्ट्रारबाईंना सगळं लिहून दिलं. सोमवारी त्यांच्या दाराबाहेरच्या बाकावर तीन तास बसले होते. दोनदा उठून जिन्यापर्यंत गेले आणि परत आले.

एक मी घातला, साहेबांच्या सहीने मंजूरही मीच केला, असं लिहिलं. सही त्यांनी दिली हेही लिहिलं. पुरावा विचारला, नाही म्हणून सांगितलं. तुमचं चौदा जानेवारीचं पत्र माझ्या पिशवीत होतं. ते दाखवलं असतं तर निदान हा एक वाईट हेतूने घातलेला नाही एवढं कळलं असतं. मी ते बाहेर काढलं नाही. त्यात तुमचं नाव ओढलं गेलं असतं.

बाई कडक आहेत पण सरळ आहेत. दुसऱ्याच दिवशी अकरा ओळी माफ झाल्या. अडकलेले आणि रद्द झालेले मिळून तीनशे सहा अर्ज होते. हुकूम निघाला, की ते सगळे मूळ तारखेने पुन्हा जिवंत धरावेत.

आता जे लिहायचं त्यासाठी दोन दिवस पेन उचलवत नव्हतं. हुकमाआधी माझ्याकडून एक फॉर्म भरून घेतला. शेवटचा प्रश्न होता, यादीतल्या कोणाशी तुमचं नातं आहे का? खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, की असल्यास तो अर्ज, आणि त्या अर्जदाराचा नवा अर्जही, चौकशी संपेपर्यंत बाजूला ठेवला जाईल. ते मी वाचलं होतं. तुमचं आडनाव वेगळं, माझं वेगळं. मी "नाही" लिहिलं असतं तर कोणालाही कळलं नसतं.

मी "हो" लिहिलं.

मी स्वतःला सांगते, की साहेबांनी उद्या ते शोधून काढलं असतं आणि तीनशे सहाच्या तीनशे सहा अर्ज भाचीने मामासाठी रचलेलं नाटक ठरले असते. हे खरंच आहे. पण त्या क्षणी मी एवढा विचार केला नव्हता. मला "नाही" लिहिता आलं नाही, इतकंच. तीनशे पाच सुटले, तुमचा राहिला. चौकशीला निदान सहा महिने लागतील. बाईंना हात जोडून विचारलं. म्हणाल्या, तुझ्यासाठीच तसं केलंय.

माझं काम काढून घेतलंय. चौकशी होईपर्यंत रोज हजेरी लावून त्याच तळघरात बसायचं, दहा ते पाच, संगणकाला हात लावायचा नाही. साहेब समोरच्याच टेबलावर असतात. आम्ही एकमेकांकडे बघत नाही.

तुम्ही मला काय वाटेल ते बोला. मामीला मात्र तुम्हीच सांगा, मला तेवढा धीर नाही.

तुमची भाची


३ मे

चि. भाचीस,

पाकिटावर पत्ता नवा आहे, तो लिहून ठेव. मामीच्या चुलतभावाच्या गॅरेजवर एक खोली होती, ती त्याने दिली. खाली दिवसभर पत्रे ठोकतात. मला त्याचा काही त्रास नाही, तिला आहे. तीस तारखेला सकाळीच निघालो, घरमालकाच्या मुलाने टेबल उचलायला हात लावला. वाईट मुलगा नाही तो.

तू "हो" लिहिलंस. तुझ्या जागी मीही तेच लिहिलं असतं. तरी वाचल्यावर मला तुझा भयंकर राग आला, हेही तुला कळलं पाहिजे. दोन दिवस होता. तिसऱ्या दिवसापासून सामान बांधायचं होतं, मग वेळ मिळाला नाही. माझं ते पत्र चौकशीत दे. नाव ओढलं जाऊ दे, बहात्तराव्या वर्षी नावाला कोण विचारतो? आणि देणार नसशील तर मी स्वतः येऊन देईन.

मामीला मी सांगितलं. म्हणजे सांगायला बसलो होतो. ती जुन्या घराच्या किल्ल्या पुसत होती, परत द्यायच्या होत्या म्हणून. मी म्हटलं, अर्ज चौकशीत अडकलाय. तिने विचारलं, सगळ्यांचेच का? माझ्या तोंडून "हो" निघून गेलं. तर ती म्हणाली, "मग राहू दे. आपल्या एकट्यांवर थोडीच वेळ आलीय." आणि त्या रात्री, महिन्याभरात पहिल्यांदाच, ती शांत झोपली.

रविवारी तुला सुट्टी असेल, तू येशीलच. दारातच ती तुला पहिलं हे विचारेल, की त्या बाकीच्या बिचाऱ्यांचं काय झालं. काय सांगायचं ते येताना ठरवून ये. मला अजून काही सुचलेलं नाही.

मामा